प्रवेश-अर्जाचा अकरावा रकाना

ये. म. यो.
रविवार, २२ जून

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

माथ्यावरची तीन अक्षरं पाहून बाबा हसतील, ठाऊक आहे. येशू, मरिया, योसेफ. यंदापासून ही अक्षरं प्रत्येक पानावर हवीत असा मदरांचा नियम झाला आहे, गणिताच्या कच्च्या कागदावरसुद्धा. माझ्या शेजारच्या पलंगावरची मुलगी म्हणते, उत्तर चुकलंच तर तीन साक्षीदार तरी असावेत. तिला सगळ्या ‘डबा’ म्हणतात, कारण तिच्या उशाखाली बिस्किटांचा डबा असतो आणि तो कधी रिकामा सापडत नाही.

शेवटचं वर्ष सुरू झालं. आमच्या वर्गाला इथे ‘कॉलेजच्या तयारीचा वर्ग’ म्हणतात. आम्ही बत्तीस जणी आहोत. साडेपाचला घंटा, सहाला चॅपेलमध्ये मिस्सा, मग तास, मग अभ्यासिका, मग पुन्हा अभ्यासिका. पान जोरात उलटलं तरी टेबलावरच्या सिस्टर मान वर करतात. डिसेंबरात विद्यापीठाची प्रवेश परीक्षा आहे. तिच्यासाठी नावं शाळेनेच पाठवायची असतात, ३० सप्टेंबरपर्यंत. मला फिजिक्सला बसायचं आहे हे तुला माहीत आहेच. बाबांच्या चष्म्याच्या दुकानात काच खिडकीपाशी धरून तिचा नंबर ओळखायचा खेळ खेळत मोठी झाले, आता दुसरं काय सुचणार?

चॅपेलची सेवा पुन्हा माझ्याकडेच आली आहे. हे तिसरं वर्ष. बाकीच्या मुलींची पाळी महिन्याला बदलते, फळ्यावर नावं लागतात. माझं नाव कुणी पुसतच नाही. घंटेच्या पाऊण तास आधी उठायचं, वेदीवरची कापडं बदलायची, ओघळलेलं मेण खरवडायचं, काचेच्या सुरया भरायच्या. घडी तू शिकवलीस तशी घालते, सिस्टर कौतुक करतात. पण मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी, नेमक्या प्रॅक्टिकलच्या वेळी, मदर मला आणि आणखी दोघींना संतचरित्रं वाचायला बोलावतात. त्या दोघी सिस्टर होणार आहेत, त्यांनी स्वतःच तसं सांगितलं आहे. मी तिथे कशाला? माझ्या जर्नलमध्ये सहा प्रयोगांची पानं कोरी आहेत.

आई, मी रोज झोपताना दिवसाचा हिशोब मनाशी मांडते, तुझी सवय. कुठे चुकले ते सापडत नाही. नववीत थर्मामीटर फुटला होता तो मीच जाऊन सांगितला होता. त्याची शिक्षा तीन वर्षं चालेल का?

परवा फळ्यापाशी उभ्या उभ्या डोळा लागला. खडू हातातच होता, त्याची रेघ खालपर्यंत ओढली गेली. गणिताच्या सिस्टर, ज्यांना आम्ही मोजपट्टी म्हणतो, त्या रेघेकडे बघून म्हणाल्या की या रेषेला उतार आहे पण समीकरण नाही. मुली पोट धरून हसल्या. मीही हसले.

रविवारची पत्रं उघडीच द्यावी लागतात. म्हणून हे वाचणाऱ्या सिस्टरांना सांगते, ही तक्रार नाही, बातमी आहे. बाबांना डोळ्यात थेंब घालायची आठवण कर.

तुझ्या मायेची सवय झालेली,
टिटवी

*

२८ जून

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. देवाची कृपा तुझ्या उशाशी असो.

पत्र मिळालं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आहे. कागद चांगला आहे, फेकवला नाही. मागून मे महिना दिसला तर दुर्लक्ष कर.

इकडे सगळं चाललं आहे तसं चाललं आहे. जिन्याच्या तिसऱ्या वळणावर मी आता थांबते. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना वाटतं मी त्यांची वाट बघते, म्हणून त्याही थांबतात आणि मग अर्धा तास जातो. बसले की उठवत नाही आणि उठले की बसायला सवड नाही. चर्चची कापडं शुक्रवारी धुते, शनिवारी इस्त्री. बाबांचे डोळे संध्याकाळी लाल होतात. थेंब घाल म्हटलं की म्हणतात, दिवसभर लोकांच्या काचा स्वच्छ केल्या, आता माझ्या पुसायला तू आहेस.

तुझ्या गणवेशाची दुमड मे महिन्यात दुसऱ्यांदा उसवून लांब केली, लक्षात आहे ना? आता आत कापड उरलेलं नाही. तेव्हा वाढायचं असेल तर हुशारीत वाढ, उंचीत नको.

चॅपेलचं मनाला लावून घेऊ नकोस. सेवा ही शिक्षा नसते, मिळायला भाग्य लागतं. मदरांना काही विचारायला जाऊ नकोस. मोठ्या माणसांनी काही योजलेलं असतं, ते वेळेवर कळतं. मलाही तुला काही सांगायचं आहे, पण ते पत्रात मावणारं नाही. सुट्टीत ये, समोर बसवून सांगेन.

बाबांनी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं की चॅपेल नेहमी हिच्याच गळ्यात कसं पडतं. मी म्हटलं बटाटे संपलेत, खाली जाऊन आणता का. ते गेले.

झोप पूर्ण घे. जमेल तिथे डोळे मीट, फळ्यापाशी सोडून.

माया पातळ होऊ न देणारी,
आई

*

ये. म. यो.
मंगळवार, १६ सप्टेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बंद पाकिटात आलं म्हणून घाबरू नकोस. मोजपट्टी सिस्टरांनी माझ्यादेखत डिंक लावला आणि स्वतः टपालात टाकणार आहेत. म्हणाल्या, काय लिहायचं ते लिही, मला आकडे वाचता येतात, पत्रं नाही.

काल प्रवेश परीक्षेची यादी फळ्यावर लागली. बत्तीसपैकी एकोणतीस नावं आहेत. माझं नाही. सहामाहीत मी वर्गात तिसरी आहे आई. सव्विसावी आली ती मुलगी यादीत आहे आणि मी नाही. आधी वाटलं लिहिताना राहिलं असेल. वरून खाली, खालून वर तीनदा वाचलं. डबा माझ्यामागे उभी राहून मोठ्याने मोजत होती, जसं काही मोजल्याने तिसावं येईल.

मोजपट्टी सिस्टरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मदरांकडे जा म्हणाल्या. मदरांकडे गेले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या की तुझी वाट आधीच ठरलेली आहे बाळ, परीक्षेची दगदग तुला कशाला. ठरवली कुणी, विचारलं, तर म्हणाल्या, आईला विचार.

म्हणून तुला विचारते. तू काय सांगितलं आहेस इथे? सुट्टीत समोर बसवून सांगणार होतीस, पण सुट्टी ऑक्टोबरात आहे आणि नावं ३० तारखेला जातात. यादीत नसलेल्या त्या दोघी मला आज पहिल्यांदा जेवताना शेजारी जागा धरून बसल्या. त्यांना वाटतं मी त्यांच्यातली आहे. चांगल्या आहेत गं त्या. मला त्यांच्याशी बोलायलाही जोर नव्हता.

मी रडले नाही. खूप झोप येते आहे फक्त. एक गोष्ट विचारू? मला शाळेत ठेवून घेतलं ते माझ्या मार्कांवर की आणखी कशावर?

उत्तराची वाट पाहणारी,
टिटवी

*

१९ सप्टेंबर

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

तीन कागद फाडले, हा चौथा. कागद फाडायची माझी रीत नाही, त्यावरून ओळख.

तू अकरा महिन्यांची होतीस. छातीत कफ भरला आणि तू रडायची थांबलीस. तोवर आम्ही तुझ्या रडण्याला वैतागायचो. इस्पितळात मुलांच्या वॉर्डात आईला आत राहू देत नसत. बाबा औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन धावत होते. मी बाहेर व्हरांड्यात नळापाशी उभी होते, हिरव्या रंगाची भिंत, अर्धी ओली. दोन दिवस. तिसऱ्या पहाटे परिचारिका माझ्याकडे न बघता पुढून गेली. मी तिथेच गुडघे टेकले आणि म्हटलं, वाचव, मग ती तुझी. माझ्याजवळ देण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

सकाळी तू ओरडलीस. सगळा वॉर्ड जागा झाला. बाबा म्हणाले, ही टिटवी आहे. नाव तेव्हापासून पडलं. ते समजतात डॉक्टरांनी वाचवलं. मी कधी बोलले नाही.

मग शाळेचा अर्ज आला. बाबांनी सगळे रकाने पेन्सिलीने भरले, खाली सही केली आणि शाईने गिरवायला माझ्याकडे दिला, माझं अक्षर बरं म्हणून. अकरावा रकाना त्यांनी कोरा ठेवला होता. ‘मुलीच्या पुढील आयुष्याविषयी पालकांची इच्छा.’ म्हणाले होते, राहू दे, तिला कळायला लागलं की ती भरेल. मी त्यात लिहिलं, ‘देवाला दिलेली आहे. संन्यस्त जीवन.’ आणि टिपकागद लावला.

तुझे मार्क चांगलेच होते. तू मार्कांवरच गेलीस असं मला मानायचं आहे. पण मला ठाऊक नाही.

तुला सांगितलं नाही कारण मला वाटायचं, देवाची हाक आली तर तुला तुझीच येईल. मग माझा शब्दही राहील आणि तुझी खुशीही. तू दर सुट्टीत आलीस की मी तुझ्या तोंडाकडे बघायचे. तू म्हणायचीस, आई, बघतेस काय, नाकाला शाई लागली आहे का?

काल बाबांना सगळं सांगितलं. आधी त्यांनी एवढंच विचारलं की शाई कोणती होती, पुसता येणारी का. मग म्हणाले की दुकानात गिऱ्हाइकाचा चष्मा करताना आम्ही गिऱ्हाइकाचे डोळे तपासतो, त्याच्या आईचे नाही. तेव्हापासून घरात फक्त मीठ दे आणि दार लाव एवढंच बोलणं आहे. शिंपीणबाई विचारत होत्या, घरात कुणी आजारी आहे का, एवढं शांत कसं.

आता माझी भीती सांगते. दिलेला शब्द परत घेतला तर तो काय परत घेईल? सतरा वर्षं तुला साधा ताप आला तरी मी आधी हेच विचारलं आहे, की मागायला आलास का. हसू नकोस. मदरांना पत्र लिहायला कागद घेतला होता, तोच तिसरा फाडला.

म्हणून तुला एकच विचारते. पहाटे त्या चॅपेलमध्ये एकटी असतेस. कधी काही ऐकू आलं का तुला? अगदी बारीक? मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस आणि माझा राग आला म्हणूनही लिहू नकोस. खरं ते एका ओळीत लिही. उत्तर याच बंद वाटेने धाड.

काय म्हणून सही करू कळत नाही,
आई

*

ये. म. यो.
सोमवार, २२ सप्टेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी एक ओळ: नाही.

आता बाकीच्या माझ्या. तुझं पत्र मी कपड्यांच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाखाली बसून वाचलं. वाचून सगळ्यात आधी काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. शिक्षा नव्हती. तीन वर्षं मी रोज शोधत होते की माझं काय चुकलं. एकदा तर न केलेलं पाप कबूल करून आले होते, वाटलं त्याने सुटेन. फादर म्हणाले, नीट आठव, असं काही तू केलेलं दिसत नाही.

मग राग आला. तो अजून आहे, पण दमलेला राग आहे, उभा राहत नाही.

मी खरंच ऐकायचा प्रयत्न केला आई, तू सांगायच्या आधीपासून. मदर वाचून दाखवायच्या, हाक कशी येते ते. मेण खरवडताना मी थांबून कान द्यायचे. नळ गळतो तो ऐकू यायचा. फादरांच्या खोलीतला खोकला यायचा. चॅपेल मला आवडतं, तिथे बरं वाटतं. पण वेदीवरच्या दिव्याची ज्योत पाण्याच्या सुरईतून उलटी दिसते आणि मी तीच बघत बसते. प्रार्थना विसरते. दिवा किती जवळ आणला की ज्योत सुलटी होईल, एवढंच डोक्यात येतं. याला हाक म्हणतात का ते मला माहीत नाही. पण ही तुझ्या रकान्यातली नव्हे.

तुझ्या भीतीला मी हसले नाही. अकरा महिन्यांची असताना मी काही दिलं नव्हतं, आणि ज्याला मागायचं असेल तो माझ्याकडे मागेल ना? तुझ्याकडे कशाला?

नाव घालायला पालकांचं लेखी लागतं. माझ्या तोंडी बोलण्यावर मदर काही करणार नाहीत, त्यांच्याजवळ तुझं अक्षर आहे. मीही तुझा शब्द मोडा असं त्यांना सांगणार नाही. तो मोडायचा तर तुलाच मोडावा लागेल. नाही मोडलास तर मी इथेच आहे, ऑक्टोबरात घरी येईन, तुझ्याशी बोलेन, जेवेन. पण फिजिक्सचं पुस्तक डबाला देऊन टाकीन, बघवणार नाही.

आठ दिवस आहेत. बाबांना म्हणावं, मीठ दे याच्या पुढेही काही बोला.

तुझीच,
टिटवी

*

२५ सप्टेंबर

आदरणीय मदर मुख्याध्यापिका यांस,
सविनय नमस्कार वि. वि.

हे पत्र घेऊन माझे यजमान स्वतः येत आहेत. टपालाला कधी दोन, कधी तीन दिवस लागतात आणि आपली तारीख तीसची आहे. ते फार बोलणारे नाहीत, पाच तास बसमध्ये बसून आलेले असतील. त्यांना बसायला सांगावं ही विनंती.

आमच्या मुलीच्या प्रवेश-अर्जात अकराव्या रकान्यात जे लिहिलं आहे ते मी लिहिलं. यजमानांची सही त्याआधी झालेली होती आणि त्यांना त्याची कल्पना नव्हती. मुलीलाही नव्हती. आपण त्यावर विश्वास ठेवून तिला प्रेमाने वाढवलंत. आपला दोष नाही. एका आजारपणात मी देवाला शब्द दिला होता. माझा शब्द होता, पण पुढे नाव मी तिचं घातलं.

मी मॅट्रिक झालेली घरातली बाई आहे. धर्माचं शास्त्र मला कळत नाही. शब्द मोडणं पाप आहे एवढं कळतं. ते पाप माझ्या नावावर राहो. जे काही भोगायचं असेल ते मी भोगीन, पण तिला त्याचा जाब विचारला जाऊ नये. तिला मी सरळ विचारलं आणि तिने सरळ उत्तर दिलं. तिला परीक्षेला बसायचं आहे. सोबत माझं आणि यजमानांचं, दोघांच्या सहीचं संमतिपत्र जोडलं आहे. या वेळी दोघांनी शाईनेच लिहिलं आहे.

तिला चॅपेलच्या कामातून मोकळं करा असं मी म्हणत नाही. इतर मुलींसारखी पाळी लावावी एवढंच. आणि प्रॅक्टिकलला जाऊ द्यावं. तिची सहा पानं कोरी आहेत.

लिहिण्यात कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्यावं.

आपली नम्र,
टिटवीची आई

*

ये. म. यो.
२७ सप्टेंबर

प्रिय भगिनी,
देवाची शांती.

काल आपले यजमान आले. बसायला सांगितलं, ते बसले नाहीत. मी यादीत नाव लिहून होईपर्यंत माझ्या खिडकीपाशी उभे राहिले आणि मध्येच म्हणाले की आपल्या चष्म्याची डावी काच चुकीच्या कोनात बसवलेली आहे. खिशातून बारीक पेचकस काढून त्यांनी ती सरळ करून दिली. चार वर्षं माझं डोकं दुखत होतं.

मुलीचं नाव गेलं. यादी टाइप झालेली होती म्हणून तिसावं नाव मी हाताने, सगळ्यांच्या खाली लिहिलं. क्रमाने तिसरं यायला हवं होतं, पण जागा तेवढीच होती. मंगळवारपासून ती प्रॅक्टिकलला जाईल. चॅपेलची पाळी आता डब्यावाल्या मुलीकडे आहे. पहिल्याच दिवशी ती उशिरा उठली.

आता जे लिहिते ते आपण शांतपणे वाचावं. नवस ज्याने केला त्यालाच बांधतो. दुसऱ्या माणसाचं आयुष्य आपण नवसात बांधू शकत नाही, आई झालो तरी. हा चर्चचा नियम आहे, माझी सवलत नव्हे. आपली मुलगी कधीच बांधलेली नव्हती. आपण काही मोडलेलं नाही.

हा नियम मला ठाऊक होता. अकरावा रकाना वाचला त्या दिवशीही ठाऊक होता. मुलीला बोलावून एकदा विचारणं माझं काम होतं. ते मी केलं नाही, कारण त्या वर्षी आमच्याकडे येणाऱ्या मुली फार थोड्या होत्या आणि मला ते उत्तर आवडलं होतं. आपल्या पत्रात माझा दोष नाही असं लिहिलंत. तेवढं वाक्य मला परत करावंसं वाटतं.

मुलीला हे मी स्वतः सांगितलं. तिने ऐकलं, थँक यू मदर म्हणाली आणि तास बुडेल म्हणून पळाली.

आपली,
मुख्याध्यापिका

*

गुरुवार, ११ डिसेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद. नेहमीचेच आहेत, जास्तीचे नाहीत, का ते पुढे लिहिते.

हे तुला मिळेल तेव्हा पेपर होऊन गेलेला असेल. आज सकाळी दहाला तुझा पेपर सुरू झाला, आता साडेबारा वाजले आहेत. म्हणजे तू अजून लिहीत असशील किंवा पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघत असशील. बाबा दुकानात गेले आहेत. जाताना म्हणाले की पेपर सोपा असेल तर तिला चैन पडणार नाही. म्हणजे आमचं बोलणं चालू आहे. ऑक्टोबरात तू आलीस तेव्हा अर्धं झालं होतं, उरलेलं हळूहळू होतंय. एखादे दिवशी मध्येच गप्प होतात. मी काही म्हणत नाही, त्यांचा हक्क आहे.

सुट्टीत तू विचारलंस की मदरांचं पत्र वाचून मोकळं वाटलं का. तेव्हा हो म्हटलं होतं. खरं सांगायचं तर नाही वाटलं. मदर म्हणतात तू बांधलेलीच नव्हतीस. मग सतरा वर्षं मी कुणाची राखण करत होते? तुझ्या प्रत्येक खोकल्याला दचकले ते कशासाठी? पत्र वाचून झाल्यावर मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले आणि चहाचं पाणी आटून भांडं करपेपर्यंत उठले नाही. शिंपीणबाई वास आला म्हणून खाली आल्या. आनंद व्हायला हवा होता. आधी थकवाच आला, एवढा की बांगड्या जड वाटल्या. आनंद अजून यायचा आहे. येईल, वाट माहीत आहे त्याला.

फादरांनाही विचारून आले. त्यांनी तेच सांगितलं. वर म्हणाले की देव काही दारावरचा वसुलीवाला नाही. मी म्हटलं फादर, हे मला त्या नळापाशी कुणीतरी सांगायला हवं होतं.

आज सकाळी चर्चमध्ये गेले. इस्त्रीची कापडं पोचवायची होती ती पोचवली. मग पुढच्या बाकापाशी गुडघे टेकले. सवयीने तोंडात आलंच होतं, हिला पास कर, मग मी अमुक करीन. उपास, अनवाणी चालणं, काय काय जिभेवर येऊन उभं राहिलं. एवढ्या वर्षांची देवाशी सौदा करायची सवय आहे. मी जीभ दातांखाली धरली. मग काय म्हणायचं तेच सुचेना. काही न म्हणता बसले. बाहेर कुणीतरी जिना झाडत होतं. दहा वाजले तसं तुझं नाव घेतलं, तुझं खरं नाव, टिटवी नव्हे. मागे काही जोडलं नाही. देईन नाही, करीन नाही, दे सुद्धा नाही. आणि उठले. गुडघे दुखले ते दुखलेच.

पास हो की नापास हो, सुट्टीला घरी ये. तुझ्यावर कुणाचं काही ठेवलेलं नाही, माझंसुद्धा. ही गोष्ट लिहायला मला सतरा वर्षं आणि हा अर्धा दिवस लागला.

तुझी,
आई